पडवीची उंची : पश्चिमेला तोंड असलेल्या एका चिऱ्याच्या घराची दुरुस्ती

रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत असलेलं एक बैठं घर. भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचं, तोंड पश्चिमेला. दर्शनी भिंत ११ मीटर, म्हणजे ३६ फूट लांब. पुढे ३० फूट लांब खळं, म्हणजे अंगण, आणि मधोमध तुळशी वृंदावन. घर जुनं असलं तरी पाया आणि भिंती धडधाकट होत्या. तक्रार होती ती घराच्या पुढच्या बाजूची, आणि ती सुरू झाली ‘नवा लूक’ दिल्यानंतर.

मुळात या घराला पूर्ण लांबीची सहा फुटी कौलारू पडवी होती. वाशांना वाळवी लागली म्हणून बारा-तेरा वर्षांपूर्वी ती काढली आणि तिच्या जागी दाराच्या समोर १४ फूट रुंद व १२ फूट खोल असा काँक्रीटच्या सपाट स्लॅबचा पोर्च आला. दोन्ही बाजूंना ११-११ फूट भिंत उघडी राहिली. तिच्यावर छप्पर म्हणून उरली ती फक्त मूळ कौलांची ४५० मिमीची वळचण. जुनी पडवी ओटीपेक्षा दोन पायऱ्या खाली होती. ‘एकसलग दिसावं’ म्हणून तिथे भराव घालून पोर्चची फरशी घराच्या फरशीला समतल केली आणि वर चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या बसवल्या. खळ्यात सरसकट सिमेंट काँक्रीट ओतलं.

पहिले दोन पावसाळे बरे गेले. त्यानंतर दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बैठकीच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत ओल येऊ लागली. रंगाचे पापुद्रे सुटले, पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटला. दाराची फळी खालून फुगली. स्लॅब जिथे भिंतीला टेकतो तिथून पाणी झिरपायचं. त्या सांध्यावर तीन वेळा वॉटरप्रूफिंग झालं आणि तिन्ही वेळा ते एक-दोन पावसाळेच टिकलं. ओल्या लाद्यांवरून घरातली माणसं घसरली. मोठी सर आली की पाणी उंबरठ्यावरून आत यायचं.

पहिला प्रश्न होता, ओल खालून चढते की बाहेरून मारते? हे न ठरवता रसायनं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. इथे तीन गोष्टी पाहिल्या. पूर्वेची भिंत त्याच जमिनीवर, त्याच चिऱ्याची, तरी कोरडी होती. पश्चिमेच्या भिंतीला आतून काटकोनात येणारी मधली भिंत एक-दीड फुटापुढे कोरडी होती. जमिनीतून ओल चढत असती तर तीही खालून भिजली असती. तिसरी गोष्ट पाइपची परीक्षा. मार्चमध्ये, भिंत पूर्ण वाळलेली असताना, बाहेरून पाइपानं पाणी मारायचं, पण सरसकट नाही. आधी जोत्याच्या लगतचा दोन फुटांचा पट्टा अर्धा तास, मग त्यावरचा पट्टा अर्धा तास, असं खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ खाली येतात आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. इथे खिडकीच्या पट्ट्यावर पाणी मारल्यावर तासाभरात आतल्या बाजूला डाग उमटला. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या गेलेल्या गिलाव्याच्या भेगा हा आत शिरण्याचा रस्ता होता.

म्हणजे पाणी पावसाचंच होतं, आणि ते भिंतीवर आडवं मारत होतं. मग बारा फुटी पोर्च असून भिंत भिजते कशी, हा प्रश्न उरतो. या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे.

कोकणात पाऊस सरळ पडत नाही. वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झड तिरकी मारते. मोठ्या सरीतला दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं खाली येतो. वाराही तेवढ्याच वेगाचा, म्हणजे ताशी २३-२४ किलोमीटरचा असला की पाऊस ४५ अंशांत पडतो. आषाढात असा वारा रोजचाच असतो. सोसाट्याचा वारा असला तर उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत कलतो.

आता स्लॅब पाहा. खोली ३.६६ मीटर, पण खालची कड फरशीपासून २.७५ मीटर उंच. ४५ अंशांचा पाऊस कडेखालून २.७५ मीटर आत शिरतो. म्हणजे बारा फुटांतली भिंतीलगतची जेमतेम तीन फुटांची पट्टी कोरडी राहते. ६० अंशांत तर पाऊस भिंतीवरच येतो आणि फरशीपासून ६४ सेंमीपर्यंत, दोन फुटांहून जरा जास्त, भिंत भिजवतो. दाराची फळी खालून फुगली तीही एवढीच. बाजूच्या उघड्या भिंतींचं तर विचारायलाच नको. २.९५ मीटर उंचीवरच्या ४५० मिमी वळचणीनं ४५ अंशांत वरची दीड फूट भिंत झाकली जाते, बाकी अडीच मीटर उघडी.

जुनी पडवी फक्त सहा फूट खोल होती, पण तिची कड इतकी खाली होती की आत शिरताना मान वाकवावी लागे. ती वाकलेली मान ही गैरसोय म्हणून काढून टाकली आणि तिच्याबरोबर भिंतीचं छत्रही गेलं. छत्री कितीही मोठी असली तरी हात वर करून धरली तर अंग भिजतंच. पोर्च किंवा पडवी आखताना लोक खोलीवर भांडतात, ‘दहा फूट करू की बारा’. खरं मोजायचं ते कडेची उंची भागिले खोली. कड खाली आणली की थोड्या खोलीत जास्त भिंत झाकली जाते. नव्या आखणीतला प्रत्येक निर्णय या एका गणितावर बेतला.

स्लॅब ठेवून त्याच्या कडेला खाली उतरणारी कौलांची झालर लावावी, असा एक स्वस्त पर्याय समोर होता. तो सोडला. एक तर त्यानं बाजूच्या २२ फूट भिंतीचं काही होत नव्हतं. दुसरं, स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाच्या तपकिरी रेषा आणि सुटलेले टवके होते. खारी हवा, सळईवर काँक्रीटचं कमी आवरण आणि सतत ओल, यांत सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. असा स्लॅब वरून मलम लावून बरा होत नाही. तिसरं कारण सांध्याचं. मूळ छपराचं साधारण १९ चौरस मीटरचं पाणी पागोळ्यांनी नेमकं या सपाट स्लॅबवर, भिंतीपासून दीड फुटावर पडत होतं. तासाला १०० मिमीच्या सरीत ते १,९०० लिटर होतं, आणि बाहेर जायला ७५ मिमीचा एकच पाइप. पानांनी तो तुंबला की स्लॅबचं टाकं व्हायचं. चिऱ्याची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब उन्हा-पावसात वेगवेगळे हलतात, त्यामुळे सांधा पुन्हा उघडणारच. तीन वॉटरप्रूफिंग फसली त्यात कारागिराचा दोष कमी, आखणीचा जास्त.

काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू केलं. कोकणात हाच योग्य काळ, कारण भिंत वाळायला थंडीचे आणि उन्हाळ्याचे महिने मिळतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो.

स्लॅब पाडताना घाई केली की भिंत हलते. आधी मूळ छपराच्या खालच्या तीन रांगांची कौलं उतरवून बाजूला रचली. स्लॅबखाली दर मीटरला टेकू दिले. भिंतीपासून ७५ मिमी अंतर सोडून डायमंड कटरनं पूर्ण लांबी कापली आणि भिंतीपासून सुटा झालेला स्लॅब बाहेरच्या बाजूनं तुकड्या-तुकड्यांत उतरवला. भिंतीत रुतलेली उरलेली पट्टी हातछिन्नीनं काढली. ब्रेकर मशीन भिंतीजवळ येऊ दिलं नाही, कारण जांभा धक्क्यानं आतून फुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. राहिलेली खाच चिऱ्याच्या चिपा आणि चुना-सिमेंटच्या मसाल्यानं भरून घेतली.

मग गिलावा. ठोकून पाहिलं की जिथे ‘भद’ आवाज येतो तिथे तो भिंतीपासून सुटलेला असतो. इथे जवळजवळ निम्मा गिलावा पोकळ निघाला. चिऱ्यावर सिमेंटचा कडक, १:३ चा गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा बाहेरचा रंग, ही जोडी कोकणात सर्रास दिसते आणि बहुतेक ठिकाणी ती घात करते. जांभा सच्छिद्र दगड. पाणी पितो आणि वाळताना सोडतो. कडक गिलाव्याला भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं आणि रंगाच्या थरामुळे बाहेर येत नाही, मग ते घरात उमटतं. सगळा गिलावा काढून भिंत दोन महिने उघडी ठेवली. लोणा रोज कोरड्या ब्रशनं झाडून तो चुरा उचलून बाहेर टाकला. धुतला तर क्षार पुन्हा विरघळून दगडात जातात, म्हणून पाणी लावायचं नाही. भिंत वाळल्यावर सांध्यांतला सुटा मसाला २० मिमी खोल खरवडून १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू या मसाल्यानं दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरल्या आणि सात दिवस हलकं पाणी मारलं. भिंत उघड्या चिऱ्याचीच ठेवली. चिऱ्याला चमक यावी म्हणून लॅकर मारतात ते इथे कटाक्षानं टाळलं. ते एक-दोन वर्षांत ढगाळतं, सोलतं आणि दगडाचा श्वास कोंडतं. भिंतीवर पाऊसच येणार नसेल तर लेपाची गरज नाही.

नव्या पडवीची आखणी अशी. लांबी पूर्ण ११ मीटर. घराची फरशी जमिनीपासून ६०० मिमी वर आहे, पडवीची फरशी ३०० मिमीवर आणली, म्हणजे भराव काढून जुनी दोन पायऱ्यांची उतरंड परत आणली. छपराचं वरचं टोक भिंतीशी घराच्या फरशीपासून २.९० मीटरवर, म्हणजे पडवीच्या फरशीपासून ३.२० मीटरवर. खांबांची ओळ भिंतीपासून २.१ मीटर, त्यापुढे ६०० मिमीची वळचण. उतार दोनास एक, साधारण साडेसव्वीस अंश. मंगलोरी कौलांना यापेक्षा कमी उतार दिला की वाऱ्यासोबत पाणी कौलाखाली चढतं. ‘जरा उंच दिसू दे’ म्हणून उतार कमी करायचा मोह इथेही झाला होता. फरशी एक फूट खाली घेतल्यामुळे तो करावा लागला नाही.

या मापांत वळचणीची कड पडवीच्या फरशीपासून १.८५ मीटर आणि खळ्याच्या जमिनीपासून २.१५ मीटर येते. माणूस तिच्याखालून जातो तेव्हा तो खळ्यात असतो, म्हणून मान वाकवावी लागत नाही. खांबांच्या ओळीत तुळईखाली साडेसहा फूट मिळतात. आता पाऊस पाहा. ४५ अंशांत तो भिंतीपासून ८५ सेंमी अलीकडे थांबतो. ६० अंशांत भिंतीपर्यंत येतो खरा, पण फक्त २९ सेंमी उंचीपर्यंत, आणि घराची फरशी पडवीपेक्षा ३० सेंमी वर आहे. म्हणजे सोसाट्याची झडसुद्धा जोत्यावर आपटते, भिंतीवर नाही. बारा फुटी स्लॅबला जे जमलं नाही ते नऊ फुटांच्या कौलारू छपरानं होतं. उन्हाचंही तसंच. एप्रिलच्या मध्यात संध्याकाळी पाच वाजता ऊन या पडवीत भिंतीच्या खालच्या सुमारे ५५ सेंमीवर येतं. स्लॅबखाली ते जवळपास एक मीटर चढायचं, आणि वर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत ऊब सोडत राहायचा.

सांगाड्याला ऐनाचं किंवा किंजळाचं लाकूड वापरता आलं असतं, पण वाळवीचा इतिहास पाहून गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, लोखंडी पाइप घेतला. पुढे पाच खांब, दर २.७५ मीटरला एक. भिंतीलगत तेवढेच पाच बारीक खांब, पडवीचं डोकं पेलायला. भिंतीत बोल्ट ठोकून आडवी तुळई टांगणं सोपं वाटतं, पण जांभ्यात फुगणारे अँकर बोल्ट धरत नाहीत. दगड चुरतो आणि दोन-तीन वर्षांत तुळई डुलू लागते. म्हणून पडवी स्वतःच्या पायांवर उभी केली, भिंतीवर भार शून्य. तुळया १०० × ५० × ३.२ मिमी, वासे ६० × ४० मिमीचे, साधारण ९२ सेंमीला एक, असे १३. वाशाची तिरकी लांबी ३ मीटर येते, म्हणजे सहा मीटरच्या पाइपाचे बरोबर दोन तुकडे, कचरा नाही. सात पाइपांत वासे झाले. कौलं टेकायच्या आडव्या रिपा २५ × २५ मिमी पाइपाच्या, दहा रांगा, एकूण ११० मीटर.

पुढचे खांब थेट फरशीत गाडले नाहीत. लोखंडी खांब जिथे फरशीतून वर येतो तिथेच पाणी साठतं आणि तिथेच तो गंजून तुटतो. त्याऐवजी ६०० × ६०० × ६०० मिमी पायावर ४५० मिमी उंचीचे चिऱ्याचे चौथरे बांधले, आत काँक्रीटचा गाभा आणि चार १० मिमी सळया, वर बेसप्लेट व चार बोल्ट. गाभा शोभेसाठी नाही. उघड्या पडवीला वादळात वरून दाब नव्हे, खालून उचल बसते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती छपरं उचलली ते सगळ्यांनी पाहिलं. त्यासाठी कौलांच्या खालच्या दोन रांगा आणि दोन्ही टोकांची कौलं तारेनं रिपांना बांधली. चौथऱ्यांच्या मध्ये तेवढ्याच उंचीचा, ३०० मिमी रुंद चिऱ्याचा कठडा घातला, दाराच्या समोरचा भाग सोडून. तो बसायला सोयीचा होतो आणि खालून उडणारं पाणीही अडवतो. प्रत्येक गाळ्यात तळाशी ७५ मिमीची फट ठेवली, नाहीतर आत आलेलं पाणी कठड्यामागे तुंबतं.

कौलं दर चौरस मीटरला साधारण १५ लागतात. साडेचौतीस चौरस मीटरला ५१८, त्यात फुटीचे दहा टक्के धरून ५७० आणली. बैठकीत अंधार होऊ नये म्हणून चार काचेची कौलं दार-खिडक्यांच्या समोर बसवली. आठ सांगितली होती, पण पश्चिमेच्या छपरात काच वाढवली की दुपारी ऊब वाढते. चार पुरली.

दोन चुका कामातच सापडल्या. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, आणि त्या जागा घासून न घेता वरून ऑइलपेंट मारायची तयारी होती. ताज्या जस्तावर साधा ऑइलपेंट धरतही नाही, वर्षभरात कागदासारखा सुटतो. काम थांबवून प्रत्येक सांधा तारेच्या ब्रशनं घासला, झिंकचा प्रायमर दोन हात दिला, मग सगळ्या सांगाड्यावर जस्तावर धरणारा प्रायमर आणि शेवटी रंग. पाइपांची उघडी तोंडं पत्र्यानं बंद केली, कारण आत खारी हवा फिरली की गंज आतून सुरू होतो. दुसरी चूक रिपांची. सवयीनं १३ इंचांवर रिपा ठोकल्या, पण आलेली कौलं दुसऱ्या कारखान्याची होती आणि त्यांचा खाचेतला मेळ साडेबारा इंचांना बसत होता. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण कौल वर-खाली टेकत नाही आणि पाणी आत येतं. दोन रांगा उखडून पुन्हा लावल्या. कौलं अंगणात आल्यावर दहा-बारा कौलं जमिनीवर एकात एक बसवून माप घ्यायचं, मगच पहिली रीप. वळचणीकडची पहिली रीप कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीतर शेवटची रांग तोंड खाली पाडते.

मूळ छपराच्या वळचणीखाली पडवीचं छप्पर सुरू होतं, तिथे दोघांत २७५ मिमीची उभी फट राहिली. ती मुद्दाम ठेवली. गरम हवा वर चढून तिथून जाते. फक्त वरच्या रांगेवर २०० मिमी पत्र्याची पट्टी उभी वळवून बसवली आणि उंदीर-वटवाघळांसाठी जाळी.

पन्हळ लावायची की नाही, यावर बरीच चर्चा झाली. दोन्ही छपरांचं मिळून ७९ चौरस मीटरचं पाणी, तासाला १०० मिमीच्या सरीत ७,९०० लिटर, सेकंदाला सव्वादोन लिटर. पन्हळ हे पाणी नेऊ शकते. पण शेजारी आंबा आणि फणस आहेत. पानं पडली की ती भर पावसात साफ करायला शिडी लावायची कोणी? म्हणून फक्त पायरीच्या वर दोन मीटर पन्हळ लावली आणि बाकी पागोळ्या सरळ खाली सोडल्या. खाली जोत्याच्या कडेपासून ६०० मिमी रुंद चर. तळाला घरापासून दूर कललेला काँक्रीटचा थर, त्यावर छिद्रांचा ११० मिमी पीव्हीसी पाइप, मधून दोन्ही टोकांकडे शंभरास एक उतार, वर १०० मिमी जाडीची ४० मिमी खडी. खडी इथे महत्त्वाची. दोन मीटरहून जास्त उंचीवरून पडणारा थेंब सिमेंटवर आपटला तर फूट-दीड फूट उडतो आणि जोतं लाल करतो, खडीत तो विरतो. खडी दर दोन वर्षांनी उपसून धुवावी लागेल, हे घरच्यांना आधीच सांगितलं. पाइपाची दोन्ही तोंडं परसातून पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, काढली, टोकाला जाळी.

खळ्याचं काँक्रीट भराव दबल्यामुळे घराकडे कललं होतं. सगळं फोडायची गरज नव्हती. घरालगतचा अडीच मीटरचा पट्टा आणि वृंदावनाभोवतीचा गोल तेवढा फोडला, १५० मिमीच्या थरांत मुरूम ठोकून घेतला आणि वर कचेच्या, म्हणजे दगडाच्या बारीक चुऱ्याच्या, १०० मिमी गादीवर चिरे आडवे मांडले, घरापासून दूर ऐंशीस एक ढाळ ठेवून. उरलेल्या काँक्रीटला कडेनं उथळ पाट कापला. चिऱ्यांच्या सांध्यात सिमेंट भरलं नाही, त्यातून थोडं पाणी मुरतं. शेवाळ येईल, त्याला इलाज खराट्याचा. पूर्वी खळं दर वर्षी पावसानंतर चोपून सारवून नवं व्हायचं, तेव्हा शेवाळ आपोआप निघायचं. एक छोटी सोय मात्र फार उपयोगी ठरली. मांडवाच्या पोफळीच्या खांबांसाठी तीन-तीन मीटरवर ४५० मिमी खोल पाइपाचे तुकडे उभे गाडून त्यांना झाकणं लावली. पाइप पोफळीच्या जाडीपेक्षा इंचभर मोठा घेतला आणि तळ खडीवर उघडा ठेवला. आता कार्यासाठी खळं फोडायला नको.

पडवीच्या फरशीला बिनपॉलिशची शहाबाद घेतली, २५ चौरस मीटर, बाहेरच्या बाजूला साठास एक ढाळ, म्हणजे भिंतीपासून कठड्यापर्यंत ३५ मिमी. चकचकीत लादी उघड्या पडवीत कधीच बसवू नये. ओल्या पायाखाली ती काचेसारखी होते, मग वर पायपुसण्या घालून चालावं लागतं. पायरीच्या कडेला खालून एक खाच मारली, म्हणजे पाणी कडेवरून मागे वळून जोत्यावर ओघळत नाही.

सगळं मे महिन्याच्या मध्यात झालं. पहिल्या मोठ्या पावसात पश्चिमेची भिंत कोरडी राहिली, पण पडवीच्या दक्षिण टोकाकडून पाणी आत आलं आणि दहा फुटांपर्यंत फरशी भिजली. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे पश्चिमेइतकाच दक्षिणेकडूनही. आखणीत सगळं गणित समोरच्या कडेचं झालं आणि उघडं टोक राहून गेलं. घरातल्या आजी कामाच्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, “त्या टोकाला आपण झाप लावायचो, ते विसरू नका.” ते नुसती आठवण म्हणून ऐकलं गेलं. खरं तर तो आखणीचाच भाग होता. त्या पावसाळ्यापुरते माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले आणि दिवाळीनंतर त्या टोकाला चिऱ्याची जाळीदार भिंत घातली. एकाआड एक चिरा सोडून, प्रत्येक भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं केलं. वारा येतो, झड अडते. हे आधीच केलं असतं तर त्याच गवंड्याकडून, त्याच चिऱ्यांत झालं असतं.

पहिल्या पावसाळ्याअखेर भिंतीच्या आतल्या बाजूला खालच्या फूटभर पट्ट्यात थोडा लोणा पुन्हा दिसला. तो नव्या पाण्याचा नव्हता, आत अडकलेली जुनी ओल बाहेर येत होती. म्हणून आतल्या बाजूचा रंग आणखी एक उन्हाळा थांबवला, लोणा झाडत राहायचं आणि चुन्याचा एक हात द्यायचा. त्या भिंतीला टेकून ठेवलेलं कपाटही चार इंच पुढे ओढलं. मागे हवा खेळली नाही तर कोरडी भिंतसुद्धा बुरसते.